ल्युकेमियाच्या मुलांना होणारे विषाणुसंसर्ग: रक्तपेशींचे काउंट चांगले असतानाही काळजी का घ्यावी लागते

मुलाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, असल्याचे निदान झाले की पहिल्या काही दिवसांतच पालकांना एक आकडा तोंडपाठ होतो, तो म्हणजे न्यूट्रोफिलचा. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी 500 पेक्षा कमी झाल्या की धोका वाढतो, हे त्यांना वारंवार सांगितले जाते आणि ते योग्यच आहे, कारण जिवाणू आणि बुरशी यांच्याशी लढणारी पहिली फळी याच पेशींची असते. मात्र विषाणूंच्या बाबतीत हा आकडा अपुरा पडतो. न्यूट्रोफिल दोन हजारांवर असलेले, खेळणारे, नीट जेवणारे मूल कांजिण्या आलेल्या एखाद्या मुलाशेजारी तासभर बसून आले, तर रिपोर्ट चांगला आहे म्हणून घरचे निश्चिंत राहतात आणि ज्या दिवसांत काही करता आले असते ते दिवस हातचे निघून जातात. पालकांना समजावून सांगताना हा मुद्दा बहुतेक वेळा मागे राहतो, असे मला वाटते, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहीत आहे.

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. अस्थिमज्जेत लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी तयार होत असताना त्यांच्या अपरिपक्व रूपांची बेसुमार वाढ होते आणि निरोगी रक्तपेशींना जागाच उरत नाही. उपचारांचा रोख साहजिकच लिम्फोसाइटच्या कुळावर असतो. प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइड, व्हिन्क्रिस्टिन, अ‍ॅस्परॅजिनेज, मेथोट्रेक्सेट, 6-मर्कॅप्टोप्युरिन ही औषधे कर्करोगाच्या पेशी मारतात, पण त्यातली बरीचशी निरोगी लिम्फोसाइटही कमी करतात किंवा त्यांचे काम मंदावतात. हे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे, काही पद्धतींत त्याहून थोडे अधिक चालतात. सुरुवातीच्या तीव्र टप्प्यांनंतर येणारा मेंटेनन्सचा, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून औषधे चालू ठेवण्याचा, टप्पा सर्वांत लांबलचक असतो. या काळात मुलाचे केस परत येतात, ते शाळेत जाऊ लागते आणि वरून पाहता पूर्ण बरे दिसते.

लिम्फोसाइटचे महत्त्व त्यांच्या कामाच्या वाटणीत आहे. विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. तो आपल्या पेशीच्या आत शिरतो आणि तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती तयार करून घेतो. अशी बाधित झालेली पेशी ओळखून तिला नष्ट करण्याचे काम टी लिम्फोसाइट करतात, तर बी लिम्फोसाइटपासून प्रतिपिंडे तयार होतात आणि ती पेशींबाहेर फिरणाऱ्या विषाणूंना अडवतात. न्यूट्रोफिलचा या कामात वाटा फार थोडा असतो. त्यामुळे रक्ताच्या रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिलच्या शेजारी छापलेला लिम्फोसाइटचा आकडाही पाहावा, आणि तो बरा दिसला तरी स्टेरॉइड किंवा इतर औषधे चालू असेपर्यंत त्या पेशी पूर्ण ताकदीने काम करत नसतात, हे लक्षात ठेवावे.

इथे एका भीतीचे निरसन करायला हवे, कारण ती अनेक घरांत मनातल्या मनात कुरतडत असते. ल्युकेमिया हा संसर्गजन्य आजार नाही, तो एका मुलाकडून दुसऱ्याला होत नाही, आणि लहान मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियाला कारणीभूत ठरणारा एखादा ठरावीक विषाणू सापडलेला नाही. गेल्या वर्षी आलेल्या तापामुळे किंवा सर्दीकडे दुर्लक्ष केल्यामुळे हा आजार झाला, असा दोष कोणत्याही आईवडिलांनी स्वतःला लावून घेऊ नये.

आता कांजिण्यांविषयी. निरोगी मुलात हा बहुधा आठवडाभराचा त्रास असतो. केमोथेरपी चालू असलेल्या मुलात हाच विषाणू फुप्फुसे, यकृत आणि मेंदूपर्यंत पसरू शकतो. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयातील डॉक्टरांनी 1975 साली कर्करोग असलेल्या 77 मुलांच्या कांजिण्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील 60 मुलांवर कर्करोगाचे उपचार चालू होते. त्यांपैकी 19 मुलांमध्ये विषाणू आतल्या अवयवांत पसरला आणि 4 मुले दगावली. ज्यांचे उपचार थांबलेले होते त्या मुलांत मात्र असे घडले नाही. ज्यांचे लिम्फोसाइट फार कमी होते त्यांना धोका अधिक होता, हेही त्याच अभ्यासात दिसले. तो काळ विषाणुविरोधी प्रभावी औषध हाती येण्यापूर्वीचा होता. आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे, पण ती सुधारणा औषध वेळेवर मिळण्यावर अवलंबून आहे.

ही वेळ कशी मोजायची, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, रविवारी एक लहान पाहुणा घरी आला, मुले एकाच खोलीत दोन तास खेळली, आणि मंगळवारी त्या पाहुण्याच्या अंगावर पाण्याने भरलेले फोड दिसू लागले. कांजिण्या झालेले मूल पुरळ येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच विषाणू पसरवत असते, म्हणून संपर्काचा दिवस मंगळवार नव्हे, रविवार धरायचा. श्वासावाटे शिरलेला विषाणू पहिले काही दिवस घशाजवळच्या लसिका ग्रंथींमध्ये वाढतो, मग थोड्या प्रमाणात रक्तात उतरून यकृत व प्लीहेत जातो, तिथे त्याची मोठी वाढ होते आणि त्यानंतर तो दुसऱ्यांदा, मोठ्या संख्येने रक्तात येऊन त्वचेपर्यंत पोहोचतो. पुरळ दिसते ते संपर्कानंतर साधारणपणे दोन आठवड्यांनी, क्वचित दहाव्या दिवशी, तर क्वचित एकविसाव्या. म्हणजे पहिला फोड दिसण्यापूर्वी विषाणूला शरीरात दहा ते एकवीस दिवस मोकळे मिळालेले असतात. डॉक्टरांना जे काही करायचे असते ते याच मोकळ्या दिवसांत. कांजिण्यांविरुद्धची तयार प्रतिपिंडे असलेले इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन संपर्कानंतर शक्य तितक्या लवकर, शक्यतो चार दिवसांच्या आत दिले जाते. उशीर झाल्यास दहा दिवसांपर्यंतही ते देतात. ते उपलब्ध नसेल किंवा वेळ टळून गेली असेल, तर संपर्कानंतर साधारण सातव्या दिवसापासून आठवडाभर अ‍ॅसायक्लोव्हिर हे औषध तोंडाने देण्याची पद्धत आहे. सातवा दिवस निवडण्यामागे कारण असे की विषाणू दुसऱ्यांदा रक्तात उतरण्याच्या बेतात असतानाच त्याला गाठता यावे. कोणत्या मुलाला यांतले काय द्यायचे, हे त्याच्या रक्तातील प्रतिपिंडे, आधी झालेले लसीकरण आणि उपचारांचा टप्पा पाहून ठरते. पालकांचे काम एकच आहे: संपर्क झाल्याचे कळले त्याच दिवशी रुग्णालयात फोन करायचा आणि लक्षणे दिसतात का याची वाट पाहत बसायचे नाही.

इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर आजार डोके वर काढायला 28 दिवसांपर्यंत वेळ घेऊ शकतो. म्हणून त्या काळात तपासणीला जाताना आधी कळवून जावे लागते, म्हणजे प्रतीक्षागृहात बसलेल्या इतर मुलांना धोका पोहोचत नाही. एवढे करूनही एखादा फोड दिसलाच, तर तो एकच का असेना, रुग्णालयात भरती करून शिरेतून अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करतात. काही मुलांमध्ये पुरळ येण्याच्या आधी पोटात किंवा पाठीत तीव्र दुखू लागते. संपर्काची माहिती डॉक्टरांना आधीच दिलेली असेल तर त्या दुखण्याचा अर्थ त्यांना लवकर उमगतो. एरवी ते पोटदुखीच्या इतर शेकडो कारणांत हरवून जाऊ शकते. घरातील नागीण झालेल्या वडीलधाऱ्यांचाही इथे विचार करावा लागतो, कारण नागीण याच विषाणूमुळे होते आणि तिच्या उघड्या फोडांच्या संपर्कातून मुलाला कांजिण्या होऊ शकतात.

औषधांच्या इतिहासातली एक गोष्ट इथे नोंदवावीशी वाटते. मेंटेनन्समध्ये रोज दिल्या जाणाऱ्या 6-मर्कॅप्टोप्युरिनच्या शोधात गर्ट्रूड एलियन या शास्त्रज्ञ महिलेचा मोठा वाटा होता. अमेरिकेत 1953 साली मान्यता मिळालेल्या या गोळीने ल्युकेमियाच्या मुलांचे आयुष्य वाढू लागले, आणि तिच्याच दुष्परिणामाने त्यांची प्रतिकारशक्तीही उणावली. पुढे एलियन यांच्याच चमूच्या कामातून अ‍ॅसायक्लोव्हिर आकाराला आले, म्हणजे ज्या विषाणूंपुढे ही मुले हतबल होती त्यांवर औषधही त्यांच्याच हातून मिळाले. 1988 साली त्यांना जॉर्ज हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गोवराचा प्रश्न अधिक बिकट आहे, कारण गोवराच्या विषाणूवर अ‍ॅसायक्लोव्हिरसारखे सिद्ध झालेले औषध नाही. गोवर झालेली व्यक्ती पुरळ येण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग पसरवते आणि ती खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत विषाणू राहू शकतो. त्यामुळे संपर्क आल्याचे कळायलाच अनेकदा उशीर होतो. कळल्यावर सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन देतात, आणि मुलाला पूर्वी गोवराची लस मिळालेली असली तरी देतात, कारण उपचारांमुळे त्या लसीचे संरक्षण कितपत टिकले आहे याची खात्री नसते. गोवराचे एक वैशिष्ट्य पालकांनी समजून घ्यायला हवे. अंगावर उठणारे लाल पुरळ हे विषाणूने थेट केलेले नुकसान नसते. टी लिम्फोसाइट त्वचेतील बाधित पेशींवर हल्ला करतात, त्यातून ते उमटते. ज्या मुलाचे टी लिम्फोसाइटच दुबळे आहेत त्याला गोवर होऊनही पुरळ येईलच असे नाही. अशा मुलात थेट न्यूमोनिया दिसतो, किंवा काही आठवड्यांनी वा महिन्यांनी झटके येऊ लागतात आणि विषाणू मेंदूत पोहोचल्याचे तेव्हा कळते. पुरळ नाही म्हणजे गोवर नाही, हा नेहमीचा आडाखा इथे चालत नाही.

सर्दी-खोकल्याचे विषाणू मात्र टाळता येत नाहीत, हे मान्य केलेले बरे. निरोगी लहान मुलालाही वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होते. दोन-अडीच वर्षांच्या उपचारकाळात ती होणारच. रायनोव्हायरस हा यांतला सर्वाधिक आढळणारा विषाणू असून त्याने होणारी सर्दी बहुतेक मुलांत थोडी रेंगाळून बरी होते. आरएसव्ही, इन्फ्लुएन्झा, पॅराइन्फ्लुएन्झा, अ‍ॅडिनोव्हायरस आणि मेटान्यूमोव्हायरस हे घशातून फुप्फुसांत उतरण्याची शक्यता अधिक असते, विशेषतः लिम्फोसाइट फार कमी असताना. श्वासाचा वेग वाढणे, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जाणे, बोलताना किंवा दूध पिताना दम लागणे, ही फुप्फुसे बाधित झाल्याची लक्षणे आहेत आणि ती दिसल्यावर रात्र उलटण्याची वाट पाहू नये. इन्फ्लुएन्झावर ओसेल्टामिव्हिर हे औषध आहे. ते पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर उत्तम, पण या मुलांना त्यानंतरही दिले जाते. कोविडच्या साथीत 45 देशांतील कर्करोग असलेल्या 1500 मुलांची एकत्रित नोंद ठेवली गेली. त्यांतील सुमारे 20 टक्के मुलांचा आजार गंभीर झाला आणि सुमारे 4 टक्के मुले कोविडमुळे दगावली. निरोगी मुलांच्या तुलनेत हे प्रमाण कितीतरी जास्त आहे, आणि त्याचबरोबर बहुसंख्य मुले त्यातून बाहेर पडली हेही तितकेच खरे आहे.

सर्दीबरोबर ताप आला की घरात एक मोह होतो. भावंडालाही सर्दी आहे, घशाच्या तपासणीत विषाणू सापडला आहे, तेव्हा हा व्हायरल ताप असेल आणि उतरेल, असे वाटू लागते. ल्युकेमियाच्या मुलात असा निष्कर्ष घरी काढायचा नसतो. विषाणूच्या जोडीने रक्तात जिवाणूही असू शकतात आणि न्यूट्रोफिल कमी असताना जिवाणुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. म्हणून एकदा 38.3 अंश सेल्सिअस, म्हणजे 101 अंश फॅरनहाइट ताप भरला, किंवा 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइट ताप तासभर टिकला, की रुग्णालय गाठायचे असते. काही केंद्रे याहून थोडा वेगळा आकडा देतात, तेव्हा आपल्या केंद्राने सांगितलेला आकडाच प्रमाण मानावा. तिथे रक्ताचे कल्चर (रक्तात जिवाणू आहेत का हे पाहण्याची तपासणी) घेऊन, शक्यतो तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू केले जाते. अँटिबायोटिकचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही हे डॉक्टरांना ठाऊक असते. ते औषध न दिसणाऱ्या जिवाणूसाठी असते. निघण्यापूर्वी ताप उतरवण्यासाठी परस्पर पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ताप झाकला जातो. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन तर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊच नयेत: दोन्हींमुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो, शिवाय कांजिण्या किंवा इन्फ्लुएन्झा असताना दिलेले अ‍ॅस्पिरिन यकृत आणि मेंदूला घातक ठरू शकते.

विषाणूंमुळे होणारे एक नुकसान चटकन दिसत नाही. साध्या विषाणुसंसर्गानेही काउंट खाली येतात आणि मग मेंटेनन्सची औषधे काही दिवस थांबवावी किंवा कमी करावी लागतात. औषधे अशी वारंवार आणि दीर्घकाळ बंद राहिली तर आजार उलटण्याची, म्हणजे परत येण्याची, भीती असते, म्हणून डॉक्टर काउंट घसरणे आणि आजार उलटणे या दोन धोक्यांमध्ये सतत तोल साधत असतात. पार्व्होव्हायरस बी19 याचे चांगले उदाहरण आहे. निरोगी मुलात त्याने गाल लाल होतात, अंगावर जाळीदार पुरळ येते आणि विषय संपतो. हा विषाणू अस्थिमज्जेतील तांबड्या रक्तपेशींच्या पूर्वपेशींत शिरून त्यांना मारतो. मेंटेनन्समधील मुलात प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नसल्याने तो आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतो. मूल फिकट दिसू लागते, हिमोग्लोबिन घसरते, रक्त चढवले तरी पुन्हा घसरते, कधी प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशीही कमी होतात. हे चित्र पाहून ल्युकेमिया उलटला की काय, या धास्तीने घरच्यांची झोप उडते. अस्थिमज्जेच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत, तांबड्या पेशींचे उत्पादन मात्र थांबलेले आढळते, आणि पीसीआर तपासणीत विषाणू सापडतो. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर बहुतेकदा रक्त पुन्हा तयार होऊ लागते. म्हणून काउंट अनपेक्षितपणे घसरले की लगेच सर्वांत वाईट अर्थ लावू नये, आधी विषाणूंचा शोध घ्यायला वाव असतो.

इतर विषाणूंचा उल्लेख थोडक्यात करतो. हर्पिस सिम्प्लेक्समुळे तोंडात आणि ओठांवर वेदनादायक फोड येतात, आणि केमोथेरपीने तोंड आले असेल असे समजून त्याकडे दुर्लक्ष होऊ शकते. त्यावर अ‍ॅसायक्लोव्हिर लागू पडते. हिपॅटायटिस बी शरीरात सुप्त असेल तर उपचारांदरम्यान उसळू शकतो, म्हणून सुरुवातीलाच त्याची रक्ततपासणी करतात. नोरोव्हायरसचे जुलाब या मुलांत लांबतात आणि हा विषाणू अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरला फारशी दाद देत नाही, त्यासाठी साबण आणि पाणीच हवे. सायटोमेगॅलोव्हायरस, अ‍ॅडिनोव्हायरस आणि एपस्टीन-बार विषाणू हे मुख्यतः अस्थिमज्जा प्रत्यारोपणानंतरचे प्रश्न आहेत, आणि तिथे लक्षणे दिसण्याआधीच ठरावीक काळाने रक्तात त्यांचा शोध घेत राहतात.

राहिला लसींचा विषय. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, तोंडाने दिली जाणारी पोलिओ व रोटाव्हायरसची लस आणि नाकात फवारायची इन्फ्लुएन्झाची लस या जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंच्या आहेत, त्यामुळे केमोथेरपी चालू असताना मुलाला देत नाहीत. मृत विषाणूची इन्फ्लुएन्झाची लस मात्र दरवर्षी देता येते आणि द्यावी, जरी तिचा परिणाम निरोगी मुलापेक्षा कमी होत असला तरी. या काळात मुलाचे खरे संरक्षण त्याच्या भोवतीच्या माणसांकडून होते. भावंडांना गोवराची आणि कांजिण्यांची लस द्यायला हरकत नाही, उलट ती राहून गेली असेल तर तातडीने द्यावी. कांजिण्यांच्या लसीनंतर भावंडाच्या अंगावर पुरळ आले, तर ते जाईपर्यंत दोघांना वेगळे ठेवून डॉक्टरांना कळवावे. पोलिओचे मात्र तोंडी थेंब भावंडाला न देता इंजेक्शनची लस द्यावी, कारण थेंबांतील जिवंत विषाणू शौचावाटे बाहेर पडत राहतो. आईवडील, आजीआजोबा आणि मुलाला सांभाळणारे सर्व जण यांनी दरवर्षी इन्फ्लुएन्झाची लस घ्यावी. शाळेच्या बाबतीत, वर्गशिक्षकांना आजाराची कल्पना देऊन वर्गात कोणालाही गोवर किंवा कांजिण्या झाल्यास त्याच दिवशी कळवण्याची विनंती करून ठेवावी. मुलाला वर्षानुवर्षे घरात कोंडून ठेवण्यापेक्षा ही व्यवस्था मला कितीतरी पटीने हिताची वाटते.

उपचार संपले म्हणजे प्रतिकारशक्ती दुसऱ्या दिवशी परत येते असे नाही, तिला सावरायला काही महिने लागतात. पूर्वी घेतलेल्या लसींची प्रतिपिंडेही अनेक मुलांत या काळात ओसरलेली असतात. म्हणून उपचार संपल्यानंतर साधारण तीन ते सहा महिन्यांनी रक्त तपासून राहिलेल्या किंवा निष्प्रभ झालेल्या लसी पुन्हा देतात, जिवंत विषाणूंच्या लसीही त्यानंतरच. इम्युनोग्लोब्युलिन घेतले असेल तर त्यातील प्रतिपिंडे गोवराच्या लसीला निष्फळ करू शकतात, त्यामुळे ते कधी आणि किती दिले होते याची नोंद फाइलमध्ये जपून ठेवावी आणि लसीची तारीख ठरवताना डॉक्टरांना दाखवावी. प्रत्यारोपण झालेल्या मुलांचे वेळापत्रक याहून लांब असते आणि ते त्यांच्या केंद्राकडूनच घ्यावे लागते.